दोन गावांच्या शिवेवरची गढी

माझी मोठी मावशी पांढरीत अंगावर माती पडून गेली, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक होतं. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि माझी आई आठ. आई याहून जास्त काही सांगत नसे. विचारलं तर उठून भांडी घासायला बसे, घासलेली असली तरी.

पुढे मी अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत अनुरेखक म्हणून लागले. अनुरेखक म्हणजे जुना नकाशा फाटायला आला की त्यावर पारदर्शक कापड ताणून खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवून घेणारा माणूस. एकतीस वर्षं मी तेच केलं. कचेरीच्या भाषेत पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हे शिकले तेव्हा मावशीचं मरण मला आता नीट कळलं असं वाटलं. पांढरीत म्हणजे गावठाणात, आणि माती म्हणजे घराची भिंत. एखाद्या पावसाच्या झडीत भिंत खचली असेल आणि पोर खाली सापडली असेल. हे माझं मीच ठरवलं आणि माझ्या मुलीलाही तसंच सांगितलं. कचेरीत बसून बसून माणसाला न विचारताच समजल्याची सवय लागते.

मी निवृत्त झाले त्या वर्षी दिवाळीनंतर दर्यापूरहून माझा मामेभाऊ आला. त्याच्या मुलीचं जात पडताळणीचं काम अडलं होतं आणि त्यापायी आजोळच्या गावचं जुनं कोतवाल बुक त्यानं शोधून काढलं होतं. गावातले जन्म आणि मृत्यू ज्यात लिहीत, ते हे बुक. पणजोबांची नोंद सापडली म्हणून स्वारी खुशीत होती, पेढे घेऊन आली होती. आई जेवत होती. तिचा हात ताटातच थांबला.

"ते बुकं अजून हायेत?" तिनं विचारलं.

"हायेत ना आत्या. सरकार काही फेकत नाही."

"सारं लिहेल असते त्यात?"

"सारं. कोण जन्मलं, कोण मेलं, कशानं मेलं."

आईनं ताट सरकवलं. पेढा घेतला नाही. मामेभाऊ गेला तशी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "त्यात माहं नाव असन. बाईले मारली म्हणून."

बाई म्हणजे माझी मावशी. थोरल्या बहिणीला ती बाई म्हणायची. सत्तर वर्षं तोंडात धरून ठेवलेली गोष्ट तिनं मला त्या दुपारी सांगितली.

आजोळचं गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. घरं सगळी धाब्याची, म्हणजे वर मातीचं सपाट छत. धाब्यावर काळी माती चालत नाही, ती भेगाळते आणि घर गळतं. त्यावर लागते चिवट पांढरी माती. ती त्या मुलखात एकाच ठिकाणी मिळायची, आमच्या गावच्या शिवेवर असलेल्या पडक्या गढीत. मातीची गढी, चार कोपऱ्यांना चार बुरूज. कोण्या जुन्या अंमलात शिवेवर नजर ठेवायला बांधली म्हणे. कोणी बांधली, कुणावर नजर ठेवायला, हे कुणाला माहीत नव्हतं आणि त्याची कुणाला गरजही नव्हती. लोकांना गरज होती मातीची. दरवर्षी मिरगाच्या आधी घरोघरी गढीची माती यायची. म्हणून गावात तिला कुणी गढी म्हणतच नसे. पांढरी म्हणत.

हे ऐकलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. एकतीस वर्षं तो शब्द मी नकाशांवर लिहीत होते.

खणून खणून बुरूज आतून पोकळ झाले होते, म्हणून पोलीस पाटलांनी माती न्यायला मनाई केली होती. मोठ्या माणसांना पाटलांची भीड पडायची, मग भरदुपारी पोरींना टोपलं देऊन पाठवत. त्या दिवशी बाई मावळतीच्या बुरजातल्या खळग्यात माती खणत होती. आई समोरच्या, उगवतीच्या बुरजावर गावाकडे तोंड करून बसली होती. पाटील येताना दिसले की ओरडायचं, एवढंच तिचं काम.

"मले कटाळा आला होता," आई म्हणाली. "ऊन्ह होतं. कोणीच येऊन नव्हतं राह्यलं. मी गमतीनं हाक मारली, आले वं, आले! बाई लपाले अजून आत सरकली. अन् मंग आवाज झाला. मोठा नाही. पोतं खाली टाकल्यावानी."

तिनं हातानं पोतं टाकून दाखवलं.

"मी हासतच होती. म्हटलं निघ ना वं बाई, खोटं बोलली मी. किती वेळ म्हणत होती."

मग शिवेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही गावांची माणसं जमली. बाईला काढेपर्यंत ऊन उतरलं. काखेत जाड बुक घेऊन पोलीस पाटील आले. आपल्या गावचे की पलीकडचे, हे आईला आठवत नाही. त्यांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "तुहं नाव काय वं पोरी?" तिनं सांगितलं. पाटलांनी बुक उघडलं आणि त्यात काहीतरी लिहिलं. एवढंच. नंतर तिला कुणी रागावलं नाही, मारलं नाही. तिच्या बाबांनी त्या गोष्टीचा उच्चार पुन्हा कधी केला नाही. इतर सगळं बोलायचे, लग्नात तिला जवळ घेऊन रडलेसुद्धा, पण त्या दुपारबद्दल चकार शब्द नाही. "मले वाटे, बुकात काय लिहेल हाय ते त्याईले मालूम हाय," आई म्हणाली. "म्हणूनच काही बोलत नाहीत."

मला राग आला. पाटलांचा आला, आजोबांचा आला, इतकी वर्षं गप्प राहिलेल्या आईचा आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई एका बुकाला भिऊन जगत होती आणि तिची पोर रोज जुनी दप्तरं हाताळून घरी येत होती.

"आई, आठ वर्षांच्या पोरीचं नाव कोणी असं लिहीत नसते," मी म्हटलं.

"तू पाह्यलं का?"

"नाही."

"मंग?"

बघून येणं भाग होतं.

आजोळच्या बुकात मामेभावानं ते वर्ष पाहिलं, मागचं-पुढचंही पाहिलं. मावशी नव्हती. सरकारी कामात चूक कधी होत नसते, फक्त 'नोंद आढळून येत नाही' असं असतं. आई म्हणाली, पान फाडलं असेल. मला वाटलं, ज्या गावच्या हद्दीत माणूस मेलं त्या गावच्या बुकात ते लिहिणार. म्हणजे बुरूज पलीकडच्या हद्दीत असेल. पण पलीकडे अकोला जिल्हा, आणि शिवेला दोन गावांची शिवारं लागून. एक गाव अजून नांदतं, दुसरं पुढे उजाड झालं. अर्जात गाव लिहावं लागतं, जागा लिहावी लागते. 'गढीत' एवढं लिहून भागत नाही. आणि गढी तर राहिलीच नव्हती. मामेभावाला विचारलं तर तो म्हणाला, "कोणती गढी ताई? तथी तर सपाट वावर हाय." त्याच्या घराच्या जुन्या धाब्यावर तीच गढी होती. ते घर पाडून त्यानं स्लॅब टाकला, तेव्हा ती माती ट्रॅक्टरनं शेतात नेऊन पसरली.

म्हणून आधी गढी शोधायची, मग बुक. मी माझ्याच जुन्या कचेरीत जाऊन आजोळच्या गावनकाशाची नक्कल मागितली. टेबलावर नकाशा आला आणि खालच्या कोपऱ्यात मला माझीच आद्याक्षरं दिसली. नोकरीच्या सुरुवातीला मी उतरवलेला नकाशा होता तो. आईचं गाव म्हणून तेव्हा जरा जास्तच मन लावून काढला होता, हेही आठवलं. मावळतीकडची शीव सरळ, स्वच्छ. तिच्यावर काहीच नव्हतं.

मग हळूहळू पुढचं आठवलं. जुन्या कागदाच्या कडेला काही बारीक रेघा होत्या, शीव ओलांडून पलीकडे गेलेल्या. मी साहेबांना विचारलंही होतं, हे काढायचं का म्हणून. साहेब म्हणाले होते, "शिवेपलीकडचं आपलं नाही." ते काही चुकीचं बोलले नव्हते, कामाची रीतच ती. ज्या गावचा नकाशा, त्या गावची शीव आली की हात थांबवायचा. मी शिवेवर हात थांबवला. अलीकडे जो तुकडा उरला तो कशाचाच वाटेना, डाग वाटला. तो मी गाळला. सफाईदार काम म्हणून त्या नकाशाचं कौतुक झालं होतं.

मावशी जिथे मेली ती जागा मी माझ्या हातानं पुसली होती, आणि वर शाबासकी घेतली होती.

अकोल्याला गेले तर तिथल्या दोन्ही गावांच्या नकाशांवर तीच सरळ शीव. तिथेही माझ्यासारखंच कुणीतरी बसलेलं असणार, रीत पाळणारं. शिवेवरची गढी अमरावतीनं अकोल्याची म्हणून सोडली आणि अकोल्यानं अमरावतीची म्हणून. मी मूळ कागद मागितला. पहिल्या खेपेला तो सापडला नाही, दुसऱ्या खेपेला सापडवणारा माणूस रजेवर होता. तिसऱ्या खेपेला कापडावर चिकटवलेला, घड्यांवर उसवलेला एक कागद माझ्यासमोर आला. मी भिंग घेतलं. शिवेवर एक तिरका चौकोन होता, चार कोपऱ्यांना हरभऱ्याएवढी चार वर्तुळं. शीव त्याच्या बरोबर मधून गेली होती. उगवतीचे दोन बुरूज आमच्या गावात, मावळतीचे दोन उजाड झालेल्या गावात. मापपट्टी लावली. बुरजांमध्ये चाळीस पावलांचं अंतर. आई एका जिल्ह्यात बसून हाक मारत होती आणि बाई दुसऱ्या जिल्ह्यात लपत होती.

मूळ कागदाजवळ शाई नेऊ देत नाहीत. परवानगी काढून मी तेवढा भाग पेन्सिलीनं पारदर्शक कागदावर उतरवून घेतला. रेघा वाकड्या आल्या. नोकरीत असते तर साहेबांनी कागद परत दिला असता.

उजाड गावाची बुकं मूर्तिजापूरला होती. तिथल्या कारकून बाईंनी स्वतः धूळ झटकून ते वर्ष काढून दिलं. पान उलटायच्या आधी मी पाणी प्यायले. आईनं सत्तर वर्षं ज्याचं भय घेतलं ते माझ्या बोटाखाली होतं आणि आता मलाही भ्यायला झालं होतं.

मावशी होती तिथे. नाव, मुलगी, वय बारा, राहणार आमच्या गावची. मरणाचं कारण: ताप. खबर देणारा: बाप. त्यापुढे निळसर अंगठा. आईचं नाव कुठेच नव्हतं. मी तीनदा वाचलं, मागचं पुढचं पान पाहिलं. मनाई केलेल्या जागी पोर मेली असं लिहिलं असतं तर पोलीस आले असते, पंचनामा झाला असता, पाटलांना विचारणा झाली असती. ताप लिहिला की कुणी विचारायला येत नाही. हे मला लगेच कळलं, कारण दप्तर कसं लिहितात ते मला माहीत आहे.

घरी आले तेव्हा आई तुरीच्या शेंगा सोलत होती.

"आई, तुझं नाव नाही," मी चपला काढायच्या आधीच सांगितलं.

"नीट पाह्यलं?"

"तीनदा."

"मंग काय लिहेल हाय?"

"तापानं गेली म्हणून लिहेल हाय."

तिनं हातातली शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं. मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. मग ती म्हणाली, "कशाचा ताप? चांगली धडधाकट होती माही बाई." आताच कुणी निरोप आणल्यासारखी ती माझ्याकडे पाहत होती.

"खबर कोणं देल्ली?" तिनं विचारलं.

"आबाजीनं, तुझ्या बाबांनी. त्यांचा अंगठा आहे."

"अंगठा?"

"हो."

"बाबाले सही येत होती," आई म्हणाली. "चौथी शिकेल होते ते. कुठीच अंगठा नाही देल्ला त्याईनं."

अंगठा का, हे आता कोण सांगणार? हात कापत असेल. किंवा खोट्याखाली आपलं नाव लिहायचं नसेल. किंवा पाटलांनीच हात धरून उठवून घेतला असेल. मी हे सगळं बोलून दाखवत होते आणि आई ऐकत नव्हती. तिचा चेहरा वेगळाच झाला होता.

"मले वाचवाले देल्ला," ती म्हणाली. "बाईले तापानं मारलं अन् मले वाचवलं. अन् ते मरेपर्यंत मले वाटे, बाबा माह्यावर रागावून हायेत. आखरीले पाणी पाजाले बोलावलं, तर मी दारातच उभी राह्यली. जवळ नाही गेली."

तिला रडताना मी त्याआधी पाहिलं होतं, पण असं नाही. शेंगांची ताटली मांडीवरून घसरून सांडली. मी दाणे गोळा करत बसले, कारण मला दुसरं काही सुचेना. मलाही रडू येत होतं.

संध्याकाळी ती जरा शांत झाल्यावर म्हणाली, "मंग बाई मातीखाली गेली, हे कुठीच नाही लिहेल?"

"नाही."

"अन् गढी?"

"ते पण नाही. एका फाटक्या कागदावर तेवढी आहे."

"म्हणजे मी मेली की झालं."

आठवड्यानं मामेभावाच्या गाडीतून आम्ही गेलो. बंद पडलेल्या छोट्या रेल्वेगाडीचे गंजलेले रूळ ओलांडले, पुढे शेतांमधली पांदण. सत्तर वर्षांत आई माहेरी गेली असेल, पण गावाच्या या अंगाला आली नव्हती. शिवेवर हरभरा उभा होता. काळ्याभोर जमिनीत मधेच एक फिकट, राखेच्या रंगाचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात हरभरा बाजूच्यापेक्षा वीतभर उंच. गढी एवढीच उरली होती. वावरात काम करणारी बाई आमच्याकडे बघून हसली, चार डहाळे उपटून आईपुढे धरले. "घ्या ना मावशी, गोड हाय अथचा घाटा." आईनं हात जोडले. खाल्लं नाही.

मी नकाशा धरून पावलं मोजत होते. आईला नकाशा लागला नाही. ती दूरच्या दोन कडुनिंबांकडे पाहत थोडी डावीकडे सरकली, थोडी मागे आली आणि उभी राहिली. "मी अथी होती," ती म्हणाली. मग समोर बोट केलं. "बाई तथी." मी माझा कागद पाहिला. दोन-चार पावलांचा फरक असेल, नसेलही.

ती ओरडली नाही, हातही जोडले नाहीत. नेहमीच्या आवाजात समोर बघून म्हणाली, "बाई वं, कोणीच नव्हतं आलं."

वारा होता. मामेभाऊ गाडीकडे तोंड फिरवून उभा राहिला.

गाडीपाशी परत आल्यावर मी बॉनेटवर कागद पसरला, चारी कोपऱ्यांना ढेकळं ठेवली आणि पिशवीतून शाईची लेखणी काढली. पेन्सिलीच्या रेघा तिथेच पक्क्या करायच्या असं मी ठरवून आले होते. चार बुरूज काढले. भिंती काढल्या. आई शेजारी उभी राहून पाहत होती.

"बाईचं नाव टाक," ती म्हणाली.

"नकाशात माणसांची नावं येत नसतात, आई."

"काहून?"

एकतीस वर्षांत मी विहिरींची नावं लिहिली, नाल्यांची लिहिली, कुठल्याशा शिवारातल्या एका चिंचेचंही नाव लिहिलं. मी मावळतीच्या बुरजात बाईचं नाव लिहिलं.

"आता माहं टाक. समोरच्या बुरजावर."

"आई, कशाले? बुकात नाही म्हणून तर आपण..."

"टाक. बाईनं कोणाची हाक आयकली, ते नोको लिहाले?"

मी लिहिलं. दोन्ही नावं समोरासमोर आली. ती मी इथे सांगत नाही, ती त्या कागदावर आहेत. आईला अक्षरं नीट दिसत नाहीत. तिनं एकेका नावावर बोट ठेवून हे कोणाचं, हे कोणाचं असं विचारून घेतलं. मग तिचं बोट मधल्या पेन्सिलीच्या रेघेवर थांबलं.

"मधातून हे काय गेलं?"

"शीव आहे, आई. दोन्ही गावांची."

ती रेघ अजून शाईनं काढायची होती. मी लेखणी बुडवली तशी तिनं माझं मनगट धरलं.

"हे नोको काढू," ती म्हणाली.

कागदाच्या वरच्या कडेपासून मी शीव काढत आणली आणि गढीच्या भिंतीशी थांबले. पलीकडच्या भिंतीपासून पुन्हा सुरू करून खालपर्यंत नेली. मधल्या गढीतली पेन्सिलीची रेघ मी पुसून टाकली.